दुसरं मुरुड

१

अंबाजी नाखव्याची चिता रचून तयार होती, आणि मयताचा पत्ता नव्हता.

मुंबईच्या इस्पितळात अंबाजी पहाटे चारला वारला. सहा वाजता मयत घेऊन अँब्युलन्स निघाली. पेण, वडखळ, अलिबाग, रेवदंडा आणि मग मुरुड. कितीही रेंगाळली तरी अकरा-साडेअकराला ती दारात उभी राहायला हवी होती. कोळीवाड्यात त्या दिवशी एकही होडी पाण्यात गेली नव्हती. बायका सकाळपासून ओट्यावर बसून होत्या. माणसं स्मशानाकडे आणि रस्त्याकडे अशा येरझारा घालून दमली होती.

दुपारचे साडेतीन वाजले. ड्रायव्हरचा फोन बंद. अंबाजीच्या मुलाने, गणराजने, चार मोटारसायकली वडखळपर्यंत पाठवल्या. रस्त्यात अपघात नव्हता, बिघडलेली गाडी नव्हती, कोणी काही पाहिलेलं नव्हतं. पोलीस चौकीतही काही खबर नव्हती. ज्याच्या दोन ट्रॉलर बंदरात उभ्या, त्या माणसाचं मयत भर दिवसा रस्त्यावरून नाहीसं झालं होतं.

शेवटी गणराज नीराबाईकडे गेला.

नीराबाई पंचवीस वर्षं एसटीत कंडक्टर होती आणि दोन वर्षांपूर्वी मुरुड आगारातून निवृत्त झाली होती. गावात काही हरवलं की लोक चौकीच्या आधी तिच्याकडे यायचे. सुट्टीवर आलेल्या एका जवानाची ट्रंक लातूर जिल्ह्यातल्या मुरुडला जाऊन पडली होती, ती हिनेच चार फोन करून परत आणवली होती. ती फारसं बोलायची नाही. समोरच्याला बोलू द्यायची आणि तो काय बोलला नाही तेवढं लक्षात ठेवायची.

गणराजने सगळं सांगितलं. ती त्याच्यासोबत त्याच्या घरी आली आणि पहिल्यांदा तिने इस्पितळाच्या कागदाचा फोटो पाहायला मागितला. गणराजचा फोन सकाळपासून ओट्यावरच्या कोनाड्यात चार्जिंगला लावलेला होता. येणारे फोन जो जवळ असेल तो उचलत, बाजूला नेऊन बोलत होता. कागदावर मयताचं नाव, गणराजचा नंबर, ड्रायव्हरचा नंबर होता. पत्त्याच्या जागी एवढंच होतं: मु. पो. मुरुड.

"तालुका न्हाय, जिल्हा न्हाय," नीराबाई म्हणाली.

गणराजचा चुलत भाऊ प्रज्योत इस्पितळातून मयताबरोबर निघाला होता, पण वाटेत घरच्या दुसऱ्या गाडीत बसून आधीच पोचला होता. त्याने लगेच आपल्या फोनवर मुरुड शोधलं. लातूरकडे एक, रत्नागिरीत दापोलीजवळ एक. पार मलेशियात एका डोंगराचंही नाव मुरुड होतं. मच्छीमार सोसायटीचे जुने सेक्रेटरी रावजी पुढे होऊन म्हणाले की लातूरच असणार, आपल्या गावाची गल्लत नेहमी लातूरशीच होते, तिकडच्या पोलिसांना कळवावं.

नीराबाईने मनातल्या मनात रस्ते मोजले. सकाळी सहाला मुंबई सोडलेली गाडी साडेतीनला जेमतेम लातूरच्या वेशीवर पोचेल. दापोलीला मात्र एकपर्यंत पोचेल. तिने दापोली आगारातल्या ओळखीच्या वाहतूक नियंत्रकाला, दिपेशला, फोन लावला. दापोली-मुरुड गाडीच्या कंडक्टरला जरा विचार, म्हणाली.

वीस मिनिटांत दिपेशचा फोन आला. मुंबई पासिंगची एक अँब्युलन्स एक वाजल्यापासून तिथल्या किनाऱ्यावर, सुरूच्या बनात उभी होती.

"रस्ता चुकला म्हणायचा," कोणीतरी सुटकेचा श्वास टाकला.

"न्हाय," फोन कानावरून न काढता नीराबाई म्हणाली. "ड्रायव्हर म्हणतो, त्याला तिथंच बोलावलंय. ह्याच घरातून."

२

दिपेशने फोन जोडून दिला आणि तिकडच्या कंडक्टरने आपला फोन ड्रायव्हरच्या हातात दिला. नीराबाईने सगळ्यांना ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला.

ड्रायव्हर परप्रांतातला होता. या भागात पहिल्यांदाच आलेला. वडखळच्या अलीकडे त्याला फोन आला होता, तोही कागदावरच्या नंबरवरून, म्हणजे गणराजच्या. बाईचा आवाज होता. ती म्हणाली, अलिबागला वळू नका, सरळ माणगावला जा. तिथून म्हाप्रळ, मंडणगड, दापोली, मग मुरुड. किनाऱ्याला सुरूचं बन आहे, त्यात थांबा. मयताचा मुलगा स्वतः येईल, फक्त त्याच्याच ताब्यात द्या. घरात भांडण आहे, कोणी काही सांगेल, म्हणून फोन बंद ठेवा.

"तुम्ही काही विचारलं नाही तिला?" नीराबाई म्हणाली.

विचारलं होतं. गफलत नको म्हणून त्याने मयताचं नाव विचारलं. बाई म्हणाली, कागदावर लिहिलंय ना, वाच. त्याने वाचलं, अंबाजी. त्यावर ती म्हणाली, व्हय, तेच.

आपल्याला कोणी आणि का असं पळवलं ते ड्रायव्हरला कळत नव्हतं. बर्फ संध्याकाळपर्यंत पुरेल, इथं आणखी मिळतो का बघतो, म्हणाला. मुलगा आल्याशिवाय मात्र तो गाडी हलवणार नव्हता. एकदा फोनवरचं ऐकून फसलो, आता तोंड बघितल्याशिवाय नाही.

ओट्यावर गलका झाला. ज्याला त्याला ती बाई कोण ते हवं होतं. नीराबाई मात्र गणराजकडे पाहत होती. तो चिडेल, ड्रायव्हरला शिव्या घालेल, गाडी काढायला सांगेल असं तिला वाटलं होतं. खाडीपलीकडे दिघीला गाड्या नेणारी आगरदांड्याची फेरीबोट, इथली 'जेट्टी', अजून चालू होती. जेट्टीने दिघीला उतरून तो निघू शकला असता.

गणराज भिंतीला टेकून खाली बसला होता.

"सुरूच्या बनात?" त्याने एवढंच विचारलं.

३

नीराबाईने एकेकाला पडवीच्या कोपऱ्यात घेतलं.

पहिला प्रज्योत. मयताबरोबर पुढे बसलेला हा वडखळच्या आधीच्या चहाच्या टपरीवर अँब्युलन्समधून उतरला आणि मागून येणाऱ्या चुलत बहिणीच्या, रुचिताच्या, गाडीत बसला. तो उतरला नसता तर अँब्युलन्स वळलीच नसती. त्याने सांगितलं की रुचिताला गरगरत होतं, गाडी चालवायला कोणी हवं होतं; अँब्युलन्स पुढे गेली असणार म्हणून दोघं सरळ घरी आली.

रुचिता, अंबाजीची मुलगी, ठाण्याला नोकरी करणारी. तिने सांगितलं की तिला काही गरगरत नव्हतं, प्रज्योतच काच ठोठावून गाडीत येऊन बसला. वडिलांना मुंबईतच विद्युतदाहिनीत द्यावं असं तिचं म्हणणं होतं. त्यावरून पहाटे फोनवर तिचं नि गणराजचं वाजलं होतं. ते तिने लपवलं नाही.

नीराबाईने प्रज्योतला पुन्हा बोलावलं. मान खाली घालून तो म्हणाला की गाडी खड्ड्यातून गेली तेव्हा मागे काकाचा हात पेटीवर आपटल्यासारखा आवाज झाला. भीती वाटली. तेवीस वर्षांचा माणूस मयताला भ्याला हे गावात कसं सांगणार? नीराबाईला ते पटलं. इतकी लाज वाटेल असं खोटं कोणी मुद्दाम बनवत नाही.

फोन गणराजच्या मोबाईलवरून गेला होता आणि मोबाईल या ओट्यावर होता. रुचिता त्या वेळी महामार्गावर होती. म्हणजे बोलणारी बाई घरातलीच.

रुचिताने सरळ वहिनीकडे, गणराजच्या बायकोकडे, बोट दाखवलं. क्रांतीचं माहेर हर्णैचं, दापोलीपासून हाकेच्या अंतरावर. अंबाजीचं अर्धं अंग लुळं पडल्यापासून दोन वर्षं तिनेच त्याचं हगणं-मुतणं काढलं होतं आणि बदल्यात शिव्या खाल्ल्या होत्या. तिकडचा रस्ता दुसऱ्या कोणाला माहीत असणार?

क्रांती आली आणि उभ्या उभ्याच बोलली. "नीरामावशी, अंबाजी नाखवा मेला तर मी एक डोळा पुसला नाही, हे खरं हाय. पण मेलेल्या माणसाला मी कशाला दापोलीला पाठवू? माझ्या माहेरच्या अंगणात?"

"तू माहेरी कशी जातेस?"

"बाणकोटच्या फेरीबोटीने. आंजर्ल्यावरून तासभर वाचतो. मंडणगडवरून कोण जातं? एसटीच जाते तिकडून."

हे नीराबाईने मनात ठेवलं. फोनवरच्या बाईने ड्रायव्हरला सांगितलेली नावं एसटीच्या थांब्यांच्या क्रमाने होती. खिडकीशी बसून, एकदाच, पाट्या वाचत गेलेल्या माणसाला असा रस्ता पाठ होतो.

उठता उठता क्रांती थांबली. "गणराजना मी कधी असं बसलेलं पाहिलं नाही," ती म्हणाली. "फक्त एकदा. आमचं लग्न झालं त्या पावसाळ्यात. विनेश पळून गेला तेव्हा."

४

विनेशला नीराबाई ओळखत होती. गणराजच्या आईचा, गोदूचा, भाचा. म्हसळ्याकडच्या खाडीकाठच्या गावातला. बाप लवकर वारला म्हणून गोदूआतेने त्याला इथे आणून अंबाजीच्या बोटीवर खलाशी म्हणून लावलं. तेरा वर्षांपूर्वी, जुलैत, मासेमारीची बंदी चालू असताना तो एकाएकी नाहीसा झाला. अंबाजीने सांगितलं की भांडून गेला, गुजरातच्या बोटींवर असेल. पुढे कोणी तरी त्याला वेरावळला पाहिल्याचंही कानावर आलं. त्याची आई, गोदूची भावजय मनुबाई, अजून त्याची वाट पाहत होती. म्हसळा गाडीवर ड्यूटी असताना नीराबाईला ती थांब्यावर भेटायची. गुजरातकडून कोणी आला का, एवढंच विचारायची.

नीराबाईला आणखी एक आठवलं. त्याच पावसाळ्यात सोसायटीत कुठल्या तरी मुरुडहून पोलिसांचा फोन आल्याची चर्चा आगारात झाली होती. तेव्हा सोसायटीचा फोन रावजी उचलायचे.

तिने रावजींना बोलावलं आणि सहज विचारावं तसं विचारलं.

"आला होता की," रावजी म्हणाले. आवाज चढलेला. "म्हणून तर मघापासून सांगतोय, लातूर बघा. तेव्हाही लातूरचाच फोन होता. बेवारस मयत सापडलंय, तुमच्याकडचं कोणी बेपत्ता हाय का. मी सांगितलं, चुकीच्या मुरुडला लावलात."

"विनेश त्याच आठवड्यात गेलेला ना? तुम्ही वर्णन तरी विचारलंत?"

"विचारलं. न्हाय जुळला. जुळायला होतं काय? तोंड माशांनी खाल्लेलं, हातावर थोडं गोंदण..."

ते थांबले. पण शब्द बाहेर पडून गेले होते. पडवीतल्या दोघांतिघांनी माना वळवल्या.

नीराबाई हळू आवाजात म्हणाली, "रावजीभाऊ, लातूरला समुद्र कधी आला?"

५

त्यानंतर ती सरळ माजघरात गेली.

गोदू, अंबाजीची बायको, खांबाला टेकून बसली होती. गाडीची वेळ टळल्यापासून तिथंच. हातातल्या हिरव्या बांगड्या तशाच होत्या. शेजारणी पुढे झाल्या तेव्हा तिने मयत दारात येऊ दे मग बघू म्हणून त्यांना परतवलं होतं. नीराबाईने इतर बायकांना बाहेर जायला सांगितलं आणि गणराजला आत बोलावलं. तो दाराशी उभा राहिला.

"वयनी," नीराबाई म्हणाली, "मी आल्यापासून ह्या घरातल्या प्रत्येकाने मला किंवा गणराजला विचारलं, गाडी कुठे. पोरांनीसुद्धा विचारलं. तुम्ही एकदाही न्हाय विचारलंत."

गोदूने बांगड्या मनगटावर मागे सारल्या.

"ड्रायव्हरने नाव विचारलं. क्रांतीने घेतलं असतं, आत्ता माझ्यासमोर घेतलं तिने. रुचिताने बाबा म्हटलं असतं. शेजारीण नाखवा म्हणाली असती. त्या बाईने नाव घेतलंच न्हाय. कागदावर वाच म्हणाली, आणि त्याने वाचल्यावर नुसतं तेच म्हणाली. नवऱ्याचं नाव तोंडातून न काढणारी ह्या घरात एकच बाई हाय."

"रस्ता?" गोदूने विचारलं. जणू तिला उत्तर तपासून घ्यायचं होतं.

"एसटीचा सांगितलात. कधी गेला होतात?"

"माघात. मनुवयनीकडे जाते सांगून गेले. तिच्याकडे न्हाय गेले."

गणराज म्हणाला, "आई, तू कशाला..."

"तू गप." तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. "नीरा, तू विचार. तूच विचारलंस म्हणून सांगते."

दिवाळीत अंबाजीची जीभ जड झाली. त्याचं अर्धं बोलणं कोणाला कळायचं नाही, गोदूला कळायचं. एका दुपारी तो रडायला लागला आणि मला मुरुडला ने म्हणाला. मुरुडलाच आहात, ती म्हणाली. तो म्हणाला, त्या मुरुडला. मग तुकड्या तुकड्याने सगळं बाहेर आलं.

बंदीच्या दिवसांत बोट बाहेर काढली होती. बोटीवर तिघेच होते, अंबाजी, गणराज, विनेश. जाळं बोटीच्या तळच्या पंख्यात अडकलं. अंबाजीने विनेशला सुरी देऊन खाली उतरवलं. त्याने जाळं कापलं आणि तो दोरी धरून वर यायला लागला, तेवढ्यात लांबून गस्तीच्या बोटीचा भोंगा ऐकू आला. पकडले गेलो तर परवाना गेला. सुकाणूवर गणराज होता.

"बापाने सांगितलं बोट हाण, आणि ह्याने हाणली," गोदू म्हणाली. "पोर दोरीला व्हता. हाक मारत व्हता. आते म्हणून न्हाय, दादा म्हणून. ह्याला दादा म्हणायचा."

दाराशी गणराजने डोळे मिटून घेतले. नाही म्हणाला नाही.

पाच दिवसांनी समुद्राने मयत दापोलीच्या मुरुडला टाकलं. तिथल्या पोलिसांनी किनाऱ्यावरच्या सगळ्या सोसायट्यांना फोन केले. दंडावर गोंदलेलं विनेश हे नावही सांगितलं. रावजींनी निरोप अंबाजीला दिला, अंबाजीने सांगितलं की आमचा न्हाय म्हण. रावजींनी तसं म्हटलं. विनेशला तिथल्या लोकांनी बेवारस म्हणून वाळूत पुरलं. वेरावळची बातमीही अंबाजी, गणराज आणि रावजी या तिघांनीच उठवली होती.

"मी गेले तिथं," गोदू म्हणाली. "म्हातारा पोलीस पाटील अजून हाय. त्याने जागा दाखवली. सुरूच्या बनात. म्हणाला, बाय, नाव व्हतं पण गाव न्हाय मिळालं."

"मग तेव्हाच बोलायचं होतं, वयनी."

"कोणाला? ह्यांना? ह्यांना मी पाणी पाजलं, अंग पुसलं. उशी तोंडावर धरायचं मनात आलं दोनदा. पण मेलेल्याला काय कळतं? जित्यांना वाट बघायला लावली तर कळतं." तिने पहिल्यांदा मुलाकडे पाहिलं. "आज सकाळपासून किती जणांनी वाट बघितली? एक दिवस. आता आजची रात ते बेवारस पडतील तिथं, जिथं तो पडलाय. तुला बाप हवा ना? जा आण. पण तो तुला एकट्याला न्हाय मिळायचा. तुझी मामी यील तुझ्यासंगती, आणि तिथं उभा राहून तू तिला सांगायचं, पोर कुठे हाय आणि कसा मेला."

"आणि न्हाय सांगितलं तर?" गणराजने विचारलं.

"तर मी हितून उठून चौकीत जाते. बांगड्या घालूनच जाते."

दार उघडंच होतं, आणि कोळीवाड्याने सगळं ऐकलं होतं. रावजी कधीच निघून गेले होते. आगरदांड्याची शेवटची जेट्टी सुटून गेली होती.

६

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या जेट्टीने ते निघाले. गणराज, गोदू आणि नीराबाई. रुचिता मागच्या गाडीत होती. तिने आईशी बोलणं टाकलं होतं आणि भावाशीही.

म्हसळ्याच्या पुढे मनुबाईला घेतलं. गोदूने तिला फोनवर एवढंच सांगितलं होतं की विनेशचं कळलंय, चल. मनुबाई इस्त्रीचं पातळ नेसून रस्त्यावर उभी होती. हातात एक पिशवी, पिशवीत सुके बोंबील आणि नवा शर्ट. ते पाहून नीराबाईने तोंड वळवलं. म्हाप्रळपर्यंत मनुबाई विचारत होती की तो कसा दिसतो, बारीक झालाय का, बायको केली का त्याने. गणराज गाडी चालवत होता. मंडणगडच्या घाटात त्याने गाडी बाजूला घेतली, खाली उतरला, आणि तिथेच, बनात पोचायच्या आधीच, रस्त्याच्या कडेला उभा राहून त्याने मामीला सगळं सांगितलं.

मनुबाई रडली नाही. तिने गाडीचं दार ओढून घेतलं. "चल," म्हणाली.

अँब्युलन्स सावलीत उभी होती. ड्रायव्हर पायरीवर बसून होता, मुलगा आला पाहून तो घाईने उठला. पोलीस पाटील काठी टेकत आला आणि त्यांना पन्नासेक पावलं आत घेऊन गेला. सुरूच्या दोन झाडांमध्ये जांभ्याचा एक चिरा रोवलेला होता. दर पावसाळ्यात वाळू सरकते, म्हणून त्याने तो दोनदा परत बसवला होता.

गणराज हात जोडून उभा राहिला. बाबांना नेऊ का, त्याने मामीला विचारलं. उन्हं वर आली होती आणि बर्फ वितळत होता.

"आदी ह्या पाटलासंगती पोलिसांत जा," मनुबाई म्हणाली. "मना सांगितलंस ते तिथं सांग, त्या रावजीचं नाव बी सांग. लिव्हून घेऊ दे. मग ने बापाला."

"मामी, त्याला वेळ लागेल. दिवस जाईल."

"जाऊ दे."

गणराजने आईकडे पाहिलं. गोदूने मान हलवली नाही. मग तो पोलीस पाटलाला गाडीत घालून दापोलीकडे निघून गेला. रुचिता अँब्युलन्सच्या चाकाशी जाऊन बसली आणि बापासाठी एकटीच रडायला लागली.

मनुबाईने चिऱ्यावरची वाळू पदराने पुसली. बराच वेळ ती पुसत राहिली. मग तिने विचारलं, "वन्स, तुला कधी कळला?"

गोदूला खोटं बोलता आलं असतं. नीराबाईला क्षणभर वाटलं, बोलावं.

"दिवाळीत," गोदू म्हणाली.

"दिवाळीत." मनुबाई बोटांवर महिने मोजायला लागली. कार्तिक, मार्गशीर्ष, पौष, माघ. शिमगा. "संक्रांतीला तू आली व्हतीस माझ्याकडे. मी त्याच्या वाटणीचा तीळगूळ तुझ्याकडे दिला. गुजरातला कोण जात असला तर पाठव म्हणून. तू घेतलास."

"ह्यांना शिक्षा व्हायला हवी व्हती, वयनी. आदी बोलले असते तर ह्यांनी दाबून टाकला असता. मी मरणाची वाट बघत व्हते."

"तू त्यांच्या मरणाची वाट बघत व्हतीस," मनुबाई म्हणाली, "आणि मी माझ्या पोराची."

गोदूने खाली बसायला हात टेकला. मनुबाईने पिशवीतून नवा शर्ट काढला, घडी मोडली, चिऱ्यावर पसरला आणि वाऱ्याने उडू नये म्हणून दोन्ही बाह्यांवर वाळू ओढली. तिने गोदूला शेजारी बसू दिलं, पण तिच्याशी ती पुन्हा काही बोलली नाही.